आत्यांबद्दल विचारणाऱ्या मॅडमांस

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी श्रावणात माझी थोरली बहीण, वडील आणि मी असे तिघे सेलूहून सकाळच्या रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला आपल्याकडे आलो होतो. बहिणीला ४२ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि आनुवंशिक तपासणी करण्याआधी समुपदेशक म्हणून आपल्याशी बोलून घ्यावे, असे तिच्या डॉक्टरांनी सुचवले होते. समुपदेशन म्हणजे धीर देणे, एवढीच माझी समजूत होती. आपण मात्र आमच्या घराण्याविषयी आम्हालाच न उमगलेली गोष्ट आमच्याच तोंडून वदवून घेतलीत. त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपण एक कोरा कागद आडवा ठेवलात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ आणि कर्करोग झालेल्याचे चिन्ह भरलेले, असे समजावून तीन पिढ्या मांडायला सुरुवात केलीत. आईकडची बाजू लवकर आटोपली. त्याआधी एका दवाखान्यात आम्हाला तेवढीच विचारली होती, आणि आजीला किंवा मावश्यांना काही झाले नाही हे ऐकून "घराण्यात कुणाला नाही" असे फाइलवर लिहूनही टाकले होते. मग आपण वडिलांना विचारलेत, "काका, तुम्ही भावंडे किती?" वडील म्हणाले, "आमी तिघं भाऊ." आपण तीन चौकोन काढलेत, पेन तसेच धरून ठेवलेत आणि म्हणालात, "आणि बहिणी?"

वडील थांबले. बहिणी दोन होत्या, एक जिंतूरला दिलेली आणि एक गंगाखेडला. आमच्याकडे लेक सासरी गेली की ती त्या घरची होते, आणि भावंडे मोजताना तिला सोडून देण्यात कुणाला वावगे वाटत नाही. मलाही त्या क्षणापर्यंत वाटले नव्हते. थोरली आत्या चाळिशीत "पोटात पाणी होऊन" गेली, एवढेच घरात बोलले जाई. पोट किती दिवसांत वाढले, पाणी काढल्यावर पुन्हा भरत होते का, अन्न जात होते का, हे आपण एकेक करून, घाई न करता विचारलेत. वडिलांना सगळे लख्ख आठवत होते. नांदेडला दोनदा पाणी काढले होते आणि आठवड्यात पोट पुन्हा तट्ट फुगले होते. आजवर त्यांना कुणी विचारलेच नव्हते. धाकट्या आत्याने छातीतली गाठ वर्षभर पदराआड लपवली आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी कर्करोग सांगितला तेव्हा उशीर झाला होता, हे सांगताना त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. तिचे वर्तुळ आपण भरलेत. थोरलीच्या वर्तुळाजवळ अंडाशयाचा कर्करोग असावा अशी नोंद करून प्रश्नचिन्ह ठेवलेत. ज्याचा कागद नाही ते आपण ठामपणे लिहिले नाहीत, याचे मला विशेष वाटते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, फळ्यावर गुणसूत्रांच्या आकृत्या काढतो, तरीही स्तनाच्या कर्करोगाचा धोका बापाकडून येऊ शकतो हे कधी डोक्यात आले नव्हते. ज्यात बिघाड असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, ते बीआरसीए १ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असते. अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी त्याची जागा १९९० मध्ये दाखवली आणि १९९४ मध्ये ते नेमके हाती लागले, हे मी नंतर वाचले. पेशीतला डीएनए तुटला की तो सांधण्याचे काम ते करते. वडिलांना मात्र आपण एवढेच सांगितलेत, की एकाच सातबाऱ्याच्या दोन प्रती असाव्यात आणि एकीत खाडाखोड झालेली असावी, तसे हे आहे. लेकराच्या वाट्याला कुठली प्रत जाईल हे कुणाच्या हाती नाही, मुलगा असो की मुलगी, शक्यता निम्मीच. रक्त घेण्याआधीच आपण हेही सांगितलेत, की स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी पाच ते दहाच असे आनुवंशिक असतात, आणि अहवालात कधी कधी अर्थ न लागलेला बदल येतो, त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो.

अहवाल आला आणि बहिणीत बीआरसीए १ मधला बिघाड निघाला. तिची अंडाशये काढण्याचा निर्णय त्यावरूनच झाला. त्या दिवशी वडील म्हणाले, "माझ्यापायी झालं का हे लेकीला?" आपण टेबलामागून उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलात आणि म्हणालात, "काका, तुम्हालाही ती प्रत कुणीतरी दिली, त्यांनाही माहीत नव्हते. तुम्ही बहिणी आठवल्यात, म्हणून आता नातींच्या वेळी आधीच ठाऊक असेल." आणि माझ्या आईने बहिणीच्या सासरकडून सहा महिने "आईकडूनच आलं असणार" हे ऐकून घेतले होते. आपण सांगितलेले मी घरी येऊन तिला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विहीणबाईंना स्वतः फोन केला.

माझ्या तपासणीला मी तीन महिने टाळाटाळ केली. पुरुषाला काय करायचे, असे मनात होते. आपण आग्रह धरला नाहीत, दार उघडे ठेवलेत. धाकट्या भावात तो बिघाड नाही, माझ्यात आहे. मला १३ आणि ९ वर्षांच्या दोन मुली आहेत. त्यांचेही रक्त लगेच तपासा म्हणून मी हटून बसलो, तेव्हा आपण स्पष्ट नकार दिलात: या वयात त्यांच्यासाठी करण्यासारखे काही नाही, स्तनांची नियमित तपासणी पंचविशीच्या सुमारास सुरू होते, आणि सज्ञान झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. त्या दिवशी मला आपला राग आला होता. आज त्या नकाराबद्दल मी आपला सर्वाधिक ऋणी आहे, कारण बाप म्हणून माझ्या भीतीपोटी मी त्यांचा हक्क काढून घ्यायला निघालो होतो.

आत्यांच्या लेकरांसाठी आपण सोप्या मराठीत जे पत्र लिहून दिलेत, ते मी जिंतूरला आणि गंगाखेडला स्वतः नेऊन दिले. कुणाला सांगायचे ते आम्ही ठरवायचे, हे आपले म्हणणे लक्षात ठेवून बहिणीची संमती आधी घेतली. गंगाखेडच्या आतेबहिणीने ते दोनदा वाचले आणि आईच्या गाठीविषयी पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. येत्या सोमवारी ती आपल्याकडे येत आहे. सोबत तिचा भाऊही येतो आहे; त्याला आणायचे तिनेच ठरवले.

आपला कृतज्ञ,
एक शिक्षक, सेलू, जि. परभणी