‘यांच्या दुकानातून काडीपेटीही घेऊ नका’: गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात बावीस वर्षे किराणा दुकान चालवतो. निवडणुकीच्या प्रचारात माझ्या दुकानाचा फोटो, त्याखाली आमची जात आणि ‘यांच्या दुकानातून काडीपेटीही घेऊ नका’ एवढे एकच वाक्य तालुकाभर व्हॉट्सॲपवर फिरले. मी तक्रार दिली तेव्हा ‘आठ दिवसांत कारवाई करतो’ असे सांगण्यात आले. त्याला काल चार महिने झाले. समाजासमाजांत वैर पसरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे, पण ते वापरायचे कोणी?

गिऱ्हाईक तुटले, ते एक वेळ सोसता येईल. पण शेजारच्या वहिनी विरजणासाठी वाटी घेऊन रोज आमच्या दारात येत, त्या येईनाशा झाल्या, आणि माझी पत्नी आजही त्यांच्या वाटणीचे चमचाभर दही बाजूला काढून ठेवते. बारावीतला मुलगा रात्री दोन वाजता गोधडीत मोबाइल धरून कोणी काय लिहिले ते वाचतो, उत्तरे टाइप करतो, पुसतो आणि सकाळी त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर आम्ही फोन केला. तिथल्या ताईंनी त्याचे सगळे शांतपणे ऐकून घेतले, त्यांचे उपकार आहेत. पण ज्या मजकुराने तो आजारी पडला तोच रोज नव्याने येत असेल, तर समुपदेशन किती पुरे पडणार?

पारावर पूर्वीही हमरीतुमरी होत असे, परंतु भांडणारे दोघेही उद्या माझ्याकडेच तेल-मीठ न्यायला येणार आहेत हे त्यांना ठाऊक असे, म्हणून जीभ आवरली जाई. आता पारावर कोणी बोलतच नाही.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवण्याच्या अफवेने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीड पेटले, तेव्हा इंटरनेट बंद झाले. रक्त सांडेपर्यंत किंवा घरे जळेपर्यंत ही यंत्रणा हलतच नाही का? मतदान संपण्याच्या ४८ तास आधी भोंगे थांबतात, मोबाइलवरचे विष थांबत नाही, आणि ते पसरवणाऱ्या आयटी सेलांना पोसणारे पुढारी निकालानंतर एकाच लग्नाच्या मांडवात शेजारी बसून जेवतात.

माझ्या तक्रारीचे काय झाले, ते मला लेखी कळवावे. तालुक्याच्या ठाण्यात अशा तक्रारींसाठी जबाबदार अधिकारी नेमावा. आणि कारवाई कराल तेव्हा ती संदेश पुढे पाठवणाऱ्या पोरांपाशी न थांबवता लिहवून घेणाऱ्यापर्यंत न्यावी, कारण त्या पोरांत माझ्या मुलाचे दोन वर्गमित्र आहेत.

आपला,
एक किराणा दुकानदार, जिल्हा बीड