होडी घेताना आधी रुंदी बघा, मशीन नंतर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की तुमच्या पेपरात कोकणातल्या बोटिंगची पानंच्या पानं येतात, स्कुबा, डॉल्फिन, जेटस्की, पॅरासेलिंग, सगळं कलरमध्ये. वाईट काही नाही त्यात, आमचंही पोट त्यावरच चालतं. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या साध्या माणसाने स्वतःच्या घरासाठी एखादी होडी घ्यायची ठरवली, म्हणजे पहाटे खाडीत जाळी मारता यावी आणि रविवारी पोरांना घेऊन पलीकडच्या पुळणीवर जाता यावं एवढीच अपेक्षा, तर त्याने नेमकं काय बघावं यावर कुणी एक ओळ लिहीत नाही. आमच्या घरात गेला सीझनभर हाच विषय चालू आहे म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आम्ही कर्ली खाडीच्या काठावर राहतो, देवबागच्या बाजूला. मिस्टर मासेमारी करतात पण ट्रॉलरवर वगैरे नाही, भावोजींच्या होडीवर भागीत, आता स्वतःची घ्यायचं चाललंय. मी घरगुती खानावळ चालवते, त्यामुळे हप्ते शेवटी कुठून जाणार हे मला पक्कं माहीत आहे आणि म्हणूनच तीन लाखांच्या वर जायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.

आता गंमत अशी की होडी घेतोय म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "किती एचपीचं मशीन लावतोस?" काका विचारतात, शेजारचे विचारतात, मुंबईहून आलेले चाकरमानी तर हमखास विचारतात. होडी रुंदीला किती आहे हे एकाने विचारलेलं मला आठवत नाही. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की घरची होडी घेताना पैसे आधी रुंदीत घाला, मग काठाच्या उंचीत, मग बुडणार नाही याच्या सोयीत, आणि जे उरतील त्यात मशीन बघा. लोक बरोबर उलटं करतात.

कारण बघा, जाळं ओढताना काय होतं, एक माणूस उभा राहून एका बाजूला सगळा भार देतो. पोरं बसली की काय होतं, कुठे डॉल्फिन दिसला की सगळी त्याच बाजूला धावतात. दोन्ही वेळेला होडीला एकच काम करायचं असतं, एका बाजूला वजन आलं तरी कलंडायचं नाही. म्हणजे मासेमारीसाठी वेगळी आणि फिरायला वेगळी होडी लागते असं जे विकणारे सांगतात ते अर्धंच खरं. अरुंद, लांब होडी वेगाने जाते, पेट्रोल कमी खाते हे मान्य, पण थांबली की करवंटीसारखी डुचमळते, आणि आमचं काम निम्म्याहून जास्त थांबूनच असतं.

जुन्या लोकांना हे कळत होतं म्हणून तर आमच्याकडे उलांडीची होडी आली. होडी अरुंदच, पण एका बाजूला दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा ओंडका, की कलंडायचा प्रश्नच बराचसा मिटला. जाळं उलांडीच्या उलट्या बाजूने टाकायचं ओढायचं. सासूबाई अजून म्हणतात की मला न्यायचं तर उलांडीच्याच होडीतून न्या. त्यांचं चूक नाही, पण उलांडीवाली होडी किनाऱ्याला लावताना जागा खाते, मुलांना त्या बाजूने चढता उतरता येत नाही, आणि ती नीट बांधणारे कारागीर आता शोधावे लागतात. फायबरची रुंद होडी हा त्यातल्या त्यात जमणारा मार्ग.

किती रुंद, तर अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा एक ढोबळ हिशेब आहे, वीस फुटांच्या आतल्या बोटीसाठी लांबी गुणिले रुंदी फुटात करायची आणि 15 ने भागायचं, येईल तेवढी माणसं. 18 फूट लांब आणि 5 फूट रुंद म्हणजे 90, भागिले 15, सहा माणसं. तीच 18 फुटी होडी साडेतीन फूट रुंद असेल तर चार. आणि हा हिशेब चांगल्या हवेतला, माणूस साधारण 68 किलोचा धरून, त्यात ओलं जाळं, बर्फाची पेटी, नांगर, पेट्रोलचा कॅन आला की माणसं कमी करायची. आमच्याकडे मात्र "बसा बसा, होतंय सगळं" हाच हिशेब. काठाचं म्हणाल तर सगळे बसल्यावर पाण्यापासून काठापर्यंत फूटभर तरी उंची उरली पाहिजे. जाळं ओढणाऱ्याला काठ कमी हवा असतो कारण कंबर मोडते, आणि आईला काठ उंच हवा असतो कारण धाकटा वाकून बघतो, यावरून आमच्या घरात जी भांडणं झाली ती इथे लिहीत नाही. शेवटी मधला मार्ग असा निघाला की बसायच्या फळ्या काढता घालता येतील अशा करून घ्यायच्या आणि पोरांना फळीवर नाही, खाली तळाला बसवायचं. वजन खाली गेलं की होडी शांत राहते, काठही आपोआप उंच होतो. छप्पर मात्र नको. ते दिसायला छान दिसतं पण वारा सुटला की शिडाचं काम करतं, तेही नको त्या दिशेला.

तळ सपाट की टोकदार यावरही प्रत्येकाचं वेगळं मत. सपाट तळ खाडीत एक नंबर, उथळ पाण्यात ओहोटीला वाळूवर टेकली तरी सरळ उभी राहते, पण बाहेर समुद्रात लाटेवर आपटते, माणसाचे मणके खिळखिळे होतात. टोकदार तळ लाट कापतो पण उभी असताना डोलतो. आम्हाला खाडीतच राहायचंय म्हणून थोडासाच टोकदार तळ बघतोय. खाडीच्या मुखातून बाहेर पडायचं असेल तर वेगळा विचार करा, कारण ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समोरून लाट येत असते, त्या दांड्यावर, म्हणजे मुखाशी साचलेल्या वाळूच्या पट्ट्यावर, लाट एकदम उभी राहते. आमच्याकडे भरती मुंबईसारखी चार साडेचार मीटरची नाही, दोनेक मीटरचीच, तरी उधाणाला त्या तोंडावर पाणी काय करतं ते देवबागच्या संगमावर उभं राहून बघा. पोरं सोबत असताना तिकडे जायचंच नाही हा आमच्याकडचा नियम आहे आणि त्यावर चर्चा होत नाही.

आता जे कुणीच सांगत नाही ते. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी लाकूड तरंगतं, माणसं धरून राहू शकतात. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड, त्यात मागे मशीनचं वजन, म्हणजे आत हवाबंद कप्पे किंवा फोम नसेल तर भरलेली होडी तळाला जाते. म्हणून विचारायचं की पुढे मागे आणि फळ्यांखाली काय भरलंय. बरेच जण थर्माकोल कोंबतात, स्वस्त पडतो. पण थर्माकोल पेट्रोलने विरघळतो, पटत नसेल तर वाटीत थोडं पेट्रोल घेऊन तुकडा टाकून बघा (चुलीपासून लांब), आणि होडीत पेट्रोल सांडणार नाही असा एकही दिवस नसतो. पॉलियुरेथेनचा फोम पेट्रोलला दाद देत नाही, महाग आहे, तरी मशीनचे दोन एचपी कमी करा पण तो भरून घ्या. आम्ही जिथे जिथे विचारलं तिथे कारागीर आधी हसला, "वहिनी, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही." आता विचारतेय ना.

मशीनचं थोडक्यात सांगते कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. अशा होडीला 8 किंवा 9.9 एचपीचं आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळ्यावर बाहेरून बसवायचं मशीन, खाडीत भरपूर झालं. 9.9 चं मशीन पूर्ण वेगात तासाला साधारण चार लिटर पेट्रोल पितं, लिटरला शंभरच्या वर भाव, म्हणजे एका तासाला चारशेच्या वर गेले, तेवढ्या पैशांची बोय आणि शेंगटी ही मासळी रोज मिळतेच असं नाही. टू स्ट्रोक हलकं, रिपेरिंगला सोपं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, धूर, आवाज, पोरांना उलट्या. फोर स्ट्रोक महाग आणि जड पण शांत आणि कमी पिणारं. रॉकेलवरचं मशीन सुचवतात काहीजण, पण आता रॉकेल मिळवण्यातच दिवस जायचा. एकच लक्षात ठेवा, मशीनचा दांडा 15 इंचाचा की 20 इंचाचा ते होडीच्या मागच्या फळ्याच्या उंचीप्रमाणे घ्यायचं, स्वस्तात मिळालं म्हणून उचललं आणि दांडा आखूड निघाला तर पंखा हवाच ढवळत बसतो. आणि किल स्विचची (मशीन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला अडकवायची असते, हँडलला बांधून ठेवायची नसते!

सेकंडहँडला माझी ना नाही, उलट आमच्या बजेटला तेच परवडतं. फक्त मशीन जिथे बसतं त्या मागच्या भागावर आधी ठोकून बघा. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं, पाणी शिरून ते कुजलं की आवाज बद्द येतो, वरून रंग नवा कोरा. तळाला फोड आलेत का बघा. आणि विकणाऱ्याला होडी पाण्यात घालायला लावा, आपली माणसं त्यात बसवा, सगळ्यांना एका काठाला सरकायला सांगा. जो नको म्हणेल त्याची होडी घेऊ नका.

पैशांचं म्हणाल तर 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला होडी-जाळ्यासाठी मदत ठेवलेली आहे, सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के असं प्रमाण. म्हणून होडी माझ्या नावावर करूया असं घरात अचानक सगळ्यांचं एकमत झालंय, एरवी कशावर होत नाही. अर्ज करण्याआधी योजना चालू आहे का, आपला नंबर लागतो का ते विचारून घ्या. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही आहे पण ते खेळत्या भांडवलाला, होडी घ्यायला नाही. आणि हप्ता ठरवताना 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी होड्यांना बंदी असते ते धरा, तेव्हा होडी ताडपत्रीखाली आणि बँकेचा मेसेज मात्र वेळेवर.

परवान्याचा भाग सगळ्यात किचकट. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याचा, प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा. खानावळीत जेवायला येणारे रोज विचारतात की ताई, होडीतून एक चक्कर मिळेल का, पाचशे देतो. पाचशे म्हणजे पेट्रोल सुटलं. पण मासेमारीच्या होडीत पैसे घेऊन पर्यटक बसवायचे नाहीत, आम्ही नाहीच म्हणतो. मग स्वतःची सासू, नणंद, पोरं यांना घेऊन निघालो तर किती माणसं चालतात, लाइफ जॅकेट किती हवीत, हे सरळ कागदावर लिहून द्या म्हटलं तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. कोणी वाईट बोललं नाही, पण लिहूनही कोणी दिलं नाही.

मे 2022 मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. मे 2024 मध्ये उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ती तर साधी गावातली ये-जा करणारी बोट. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, नीलकमलचा परवाना 84 प्रवाशांचा आणि आत माणसं शंभराच्या वर. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे मला माहीत आहे. पण दर वेळेला नंतर चार दिवस लाइफ जॅकेटची सक्ती, फोटो, आणि मग पुन्हा जॅकेटं नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, कोंबलेली, दमट, क्लिप तुटलेली, आणि मुलांच्या मापाचं तर एकही नाही. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं, त्याचा उपयोग शून्य. आम्ही होडीच्या आधी मुलांची दोन जॅकेटं घेऊन ठेवलीत, मिस्टर चेष्टा करतात, करू देत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि तुमच्या पेपराने ती लावून धरावी. रिक्षावर, एसटीवर, लिफ्टमध्ये किती माणसं ते लिहिलेलं असतं. तसं होडी बांधणाऱ्याने विकताना मागच्या फळ्यावर एक पत्र्याची पाटी ठोकून द्यावी, माणसं किती, एकूण किलो किती, जास्तीत जास्त एचपी किती, आणि आत फोम आहे की नाही. मोठ्या बोटींचं जे काय सर्व्हे-बिर्व्हे असेल ते असू दे, मी लहान घरगुती होडीबद्दल बोलतेय. खर्च शंभर दोनशे रुपये. मेव्हणे, काका आणि चाकरमानी एकदम चढायला लागले की घरातल्या बाईला त्या पाटीकडे हात करता येईल, वाद घालावा लागणार नाही. मत्स्यव्यवसाय खात्याने ठरवलं तर अनुदानाच्या होड्यांपासून सुरुवात करता येईल, पाटी नाही तर अनुदान नाही एवढंच लिहायचं.

आणि तुमच्या वाचकांपैकी वेंगुर्ला, देवगड, दापोलीकडे कुणी फोम भरलेली रुंद होडी वापरत असेल तर तीन चार वर्षांनी तो फोम पाणी पितो का, हे याच सदरात जरूर कळवावं, आमची ऑर्डर दिवाळीनंतर द्यायची आहे.

आपली एक वाचक,
देवबाग परिसर, ता. मालवण