ब्रेकलाइट विकणाऱ्यालाही जाब विचारा

संपादक महोदय,
स. न.

कर्कश सायलेन्सर पोलीस जप्त करतात, रोड रोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो छापून येतात. हे व्हायलाच हवे. पण त्याच गाडीच्या मागे बसवलेला निळा, लुकलुकता ब्रेकलाइट कुणाला खटकत नाही, कारण तो आवाज करत नाही. साताऱ्यात मी दुचाकींच्या वायरिंगचे काम करतो. असले दिवे पिशवीत घालून ‘एवढे जोडून द्या’ म्हणणारी मुले सारखी येतात, म्हणून हे पत्र.

कंपनीच्या साध्या टेललॅम्पमध्ये, म्हणजे मागच्या दिव्यात, डबल फिलामेंटचा (उजेड देणाऱ्या दोन तारांचा) एकच बल्ब असतो, १२ व्होल्ट, २१/५ वॅटचा. रात्री ५ वॅटचे फिलामेंट चालू असते, ब्रेक दाबला की २१ वॅटचे पेटते. पुढची गाडी थांबतेय हे मागच्याला कळते ते या फरकामुळे. स्वस्त एलईडी पट्टीत नेमका हाच फरक राहत नाही. ती आधीच एवढी भगभगत असते की ब्रेक दाबला काय, न दाबला काय, सारखेच. लुकलुकणाऱ्या दिव्यांत तर ब्रेक कुठला आणि इंडिकेटर कुठला, हे पावसाळ्यात खंबाटकी घाटात ट्रकवाल्याने ओळखायचे कसे?

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. टेललॅम्पच्या खालच्या अंगाला एक पारदर्शक काच असते. तिच्यातून नंबरप्लेटवर पांढरा उजेड पडतो. लाल काचेमागे लाल एलईडी जास्त उठून दिसतो म्हणून तो खपतो, पण मग प्लेटही लालभडक होते आणि नंबर वाचता येत नाही. धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर कुणी सांगायचा?

कायद्यात हे सगळे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ नुसार ब्रेकचा दिवा लाल आणि मागेच हवा. नियम १०५ प्रमाणे मागचा लाल दिवा दुरून दिसला पाहिजे आणि नंबर पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा असे ठरावीक अपवाद सोडले, तर मागच्या बाजूला लालखेरीज दुसरा रंग नियम १०८ ला चालत नाही. फुटलेल्या दिव्याच्या जागी त्याच मॉडेलचा, मान्यताप्राप्त दिवा बसवायला कुणाची आडकाठी नाही. अशा भागांच्या चाचण्या आपल्या पुण्यातच, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत होतात.

मग अडते कुठे? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १८२-अ नुसार, नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले सुटे भाग नियम डावलून विकले, तर विक्रेत्यालाही वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच कलमात आहे. पण ब्रेकलाइटसाठी दुकानदारावर कारवाई झालेली मी तरी पाहिली नाही. दिवा उघड काउंटरवर विकायचा आणि कॉलेजच्या पोराला चौकात अडवायचे, हा कुठला न्याय? हा दिवा कायद्याला चालतो की नाही हे त्या पोराला सांगणारी एक ओळही पाकिटावर नसते.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. एवढ्या काळात तिचा मागचा दिवा कुणी अधिकृतपणे तपासत नाही. पीयूसीसाठी मात्र पेट्रोलच्या गाडीवाल्या प्रत्येकाला जावेच लागते. परिवहन विभागाने तिथेच पुढचा आणि मागचा ब्रेक एकेकदा दाबून दिवा पाहण्याची सक्ती करावी. दोन्ही ब्रेकला लाल दिवा ठळक पेटतो का आणि नंबर पांढऱ्या उजेडात दिसतो का, एवढेच पाहायचे. त्याला यंत्र लागत नाही आणि अर्धे मिनिटही जात नाही.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सातारा