बिनपात्यांच्या टर्बाइनच्या चाचणीसाठी मदत हवी

सप्रेम नमस्कार.

आमच्या विज्ञान मंडळातील नववी-दहावीची मुले यंदा निकोला टेस्ला यांच्या टर्बाइनचे चालते प्रतिरूप करत आहेत. या टर्बाइनला पाती नसतात. एका शाफ्टवर सपाट, गुळगुळीत तबकड्या अगदी जवळजवळ बसवलेल्या असतात. वाफ कडेने शिरते, फटींतून गोल फिरत मध्याकडे येते आणि शाफ्टजवळच्या भोकांतून निघून जाते. तबकड्या फिरतात त्या केवळ तिच्या ओढीने.

टेस्लांनी २१ ऑक्टोबर १९०९ रोजी पेटंटसाठी अर्ज केला तो अशाच तबकड्यांच्या पंपाचा. टर्बाइनचा अर्ज १९११ मध्ये त्यातून वेगळा झाला आणि पेटंट मिळाले ६ मे १९१३ रोजी. दरम्यान न्यूयॉर्कच्या वॉटरसाईड वीजकेंद्रात चाचण्या झाल्या. तिथली रीत मुलांना फार भावली: दोन टर्बाइन समोरासमोर, मध्ये पीळ घेणारी स्प्रिंग. एक जोर लावते, दुसरी अडवते; स्प्रिंगला किती पीळ पडला त्यावरून जोर कळतो. पुढे मिलवॉकीच्या अ‍ॅलिस-चाल्मर्स कारखान्यातल्या चाचण्यांत तबकड्या वाकल्या, आणि वीजकेंद्रांत ही टर्बाइन रुजली नाही.

पेटंटची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे प्रतिरूप करायला आडकाठी नाही. तबकड्या कापून झाल्या आहेत, शाफ्टही तयार आहे. अडले आहे ते मोजमापापाशी. गरगर फिरणारे यंत्र दाखवून टाळ्या घ्यायच्या असत्या, तर एवढ्यावर भागले असते. मुलांना टर्बाइनची कार्यक्षमता काढायची आहे, आणि आकडा कमी आला तरी तोच वहीत लिहायचा आहे.

त्यासाठी फेऱ्यांचा वेग मोजणारा टॅकोमीटर, प्रेशर गेज, हवेचा प्रवाह मोजणारे मीटर आणि ब्रेकच्या पट्ट्याला लावायला स्प्रिंगचा काटा हवा. वापरलेले चालतील, मात्र आकडा बरोबर दाखवणारे हवेत. ज्यांच्या कारखान्यात बॅलन्सिंग मशीन आहे, त्यांनी रोटर (शाफ्ट आणि तबकड्या मिळून होणारा फिरता भाग) एकदा तपासून द्यावा, ही कळकळीची विनंती. एवढ्या वेगात तोल जरासा चुकला तरी बेअरिंग जाते. दाबाची हवा देणारा कॉम्प्रेसर फक्त रविवारी लागेल.

पालकांनी निश्चिंत असावे. वाफ वापरणार नाही, कमी दाबाची हवाच वापरू, आणि टर्बाइनभोवती जाड पोलादी कवच असेल. तरीही चाचणीच्या वेळी शेजारी उभा राहील असा अनुभवी फिटर किंवा निवृत्त अभियंता आम्हाला हवाच आहे.

रोख मदत मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी स्वीकारली जाईल. पावती लगेच मिळेल, आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावू.