खोक्यावरचा ‘आय केअर’ आणि कोरडे डोळे

संपादक महोदय,

सणासुदीच्या सेलमध्ये मॉनिटरच्या खोक्यावर ‘ब्लू लाइट फिल्टर’ आणि ‘आय केअर’ हीच अक्षरे सर्वांत ठळक असतात. डोळे चुरचुरतात म्हणून मॉनिटर बदलायला निघालेला माणूस तेवढे वाचून पैसे मोजतो. पण कोरडेपणाचे कारण निळा प्रकाश नव्हे. गप्पा मारताना मिनिटाला १५-२० वेळा लवणारी पापणी स्क्रीनसमोर ५-७ वेळाच लवते, तीही बरेचदा अर्धीच. पापणी पूर्ण मिटली नाही की तिच्या कडेच्या ग्रंथींतले तेल नीट बाहेर येत नाही, आणि तेलाचा पापुद्रा नसला की अश्रू भराभर सुकतात. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांच्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला. साध्या चष्म्याच्या तुलनेत डोळ्यांवरचा ताण कमी झाल्याचे त्यात दिसले नाही.

म्हणून मॉनिटर घेताना आधी स्टँड बघावा. नजर वर गेली की डोळा जास्त उघडतो आणि पाणी जास्त उडते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा दोन-चार बोटे खाली हवी. स्वस्त २७ इंची मॉनिटरचा स्टँड खाली-वर होत नाही आणि वरची कड टेबलापासून साधारण ४५ सेंमीवर येते. सव्वापाच फूट उंचीच्या व्यक्तीचे डोळे नेहमीच्या खुर्ची-टेबलावर ४० सेंमीच्या आसपास असतात. म्हणजे दिवसभर वर बघणे आले. त्यावर कडी म्हणजे मॉनिटरखाली जाडजूड पुस्तके सारण्याची आपली सवय! प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर दूरचा, खाली जवळचा नंबर) असेल तर स्क्रीन आणखी खाली लागते. खाली-वर होणारा स्टँड घ्यावा. परवडत नसेल तर निदान पाठीमागे १०० बाय १०० मिमीची चार भोके आहेत का ते पाहावे, नंतर आर्म, म्हणजे मॉनिटर खाली-वर करणारा टेबलाला लावायचा दांडा, बसवता येतो.

दुसरी गोष्ट अक्षरांची, आणि ती मराठी वाचणाऱ्याला जास्त जाचते. २७ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात, २४ इंचीवर ९२, २७ इंची क्यूएचडीवर (फुल एचडीपेक्षा जास्त पिक्सेलच्या पडद्यावर) १०९. बारीक टाइपातला अनुस्वार ८२ वर एक-दोन ठिपक्यांचा उरतो. ‘धन’ की ‘घन’ हे कळायला माणूस पुढे झुकतो, डोळे बारीक करतो, आणि डोळे बारीक केले की पापणी आणखी कमी लवते. दुकानातल्या डेमो मॉनिटरवर मराठी मजकुराचे पान १०० टक्क्यांवर उघडून दोन हात मागे बसून वाचावे. विक्रेता समुद्रकिनाऱ्याचा व्हिडिओ लावतो, त्याचा इथे काही उपयोग नाही. ओएलईडी मॉनिटरवर रंग सुंदर दिसतात, पण काहींवर अक्षरांना रंगीत कडा येतात. दिवसभर टायपिंग असेल तर ते आधी तपासावे.

पडदा मॅटच हवा. चकचकीत पडद्यात मागची खिडकी आणि ट्यूबलाइट दिसते, मग ब्राइटनेस वाढवला जातो. पडद्याशेजारी पांढरा कागद धरून दोन्ही सारखे उजळ दिसतील एवढाच ब्राइटनेस ठेवावा. काही मॉनिटर अगदी कमी केले तरी रात्री डोळ्यांत खुपतात, काही प्रकाश कमी करण्यासाठी बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) भराभर बंद-चालू करतात. त्याने डोळे कोरडे पडत नाहीत, पण काहींचे डोके उठते. ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणून पांढऱ्या पानासमोर पेन्सिल जोरात हलवावी. एकसंध धूसर पट्टा दिसला तर ठीक; सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो मॉनिटर परत करावा. वापरलेले जुने मॉनिटर घेताना ही चाचणी चुकवू नये.

ई-बुक रीडरसारखा कागदी पडदा असलेले ई-इंक मॉनिटरही मिळतात. ते महाग आहेत, शिवाय स्क्रोल करताना आधीच्या ओळींची सावली राहते.

एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर असेल, तर कितीही चांगला मॉनिटर आणून फरक पडत नाही. आधी टेबल फिरवावे. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागावेत. पापण्या लववूनही धूसर दिसत राहिले किंवा डोळा दुखला, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

स्टँडची सर्वांत कमी उंची आणि सर्वांत कमी ब्राइटनेस हे दोन आकडे खोक्यावर सहसा सापडत नाहीत. उत्पादकांनी ते ‘आय केअर’च्या शेजारीच छापावेत.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट, ठाणे