दहा मोजा, मग थवा

महोदय,
जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला यंदा आमची मंडळी नांदूर मध्यमेश्वरला होती. गोदावरी-कादवा संगमाजवळचं हे पाणी 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चांदव्यांचा, म्हणजे काळ्या पाणपक्ष्यांचा, थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा नीट मोजायचे, तेवढ्या जागेच्या मापानं पुढचे धरायचे. एकानं दुर्बिणीतून आकडे सांगायचे, दुसऱ्यानं टिपायचे. तेवढ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी घिरटी घालतो, चांदवे पाणी तुडवत पळतात आणि मोजणी पहिल्यापासून! भोवत्याचं काही नाही, पण फोटोसाठी थेट पाण्याच्या कडेला उतरणाऱ्या हौशींना गणनेच्या सकाळी तरी वनविभागानं रोखावं.
– एक पक्षीमित्र, निफाड