पुढे काच, आत कोंडमारा : कॅबिनेटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या कॉम्प्युटरच्या मिड टॉवर (मध्यम उंचीच्या) कॅबिनेटची सदोष रचना आणि बॉक्सवर छापलेली चुकीची मापं

महोदय,

मी जळगावात लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करतो. कॉम्प्युटर दिवसाला दहा-बारा तास चालतो. जुनं कॅबिनेट खालून गंजलं, म्हणून एप्रिलमध्ये ४,६५० रुपये देऊन आपलं कॅबिनेट घेतलं. आतलं सगळं सामान जुनंच आहे. बदललं ते फक्त कॅबिनेट, आणि त्याच दिवसापासून मशीन तापायला लागलं.

कारण समोरच आहे. पुढची बाजू अखंड काचेची आहे. तिच्यामागे १२० मिमीचे तीन रंगीत पंखे बसवलेत, पण त्यांना हवा घ्यायला वाट कुठली, तर काचेच्या कडेची बोटभरही रुंद नसलेली एक फट. पंखे फिरतात, दिवे लागतात, हवा मात्र आत येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि माझ्या खोलीत एसी नाही. ४० पानांचा एक अल्बम एक्सपोर्टला लावला, तर प्रोसेसर ९४ अंशांवर गेला. मग पुढचं पॅनल काढून ठेवलं आणि त्याच खोलीत, त्याच दुपारी तीच फाइल पुन्हा लावली. तापमान ७७ च्या वर गेलं नाही. माझं जुनं पत्र्याचं कॅबिनेट दिसायला साधं होतं, पण पुढे जाळी होती आणि त्यात मशीन असं कधीच तापलं नव्हतं. त्यात आपले पंखे थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्स पिनेला (फक्त वीज देणाऱ्या जोडणीला) जोडलेले, म्हणजे मदरबोर्डवरून त्यांचा वेग कमी-जास्त करायचीही सोय नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. बॉक्सवर ‘सीपीयू कूलर १६५ मिमीपर्यंत’ असं छापलंय. माझा कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला तो थंड ठेवणारा पंखा आणि पाइपांचा संच, १५८ मिमी उंच आहे, म्हणून निर्धास्तपणे घेतलं. बाजूची काच लावायला गेलो तर ती कूलरच्या पाइपांच्या टोकांवर टेकली. पट्टी घेऊन मोजलं : प्रोसेसरपासून काचेपर्यंत जेमतेम १५६ मिमी. आम्ही सामान घेतो ते या छापील आकड्यांच्या भरवशावर. ऑनलाइन मागवताना हातात दुसरं काय असतं? ग्राफिक्स कार्डासाठी ३३० मिमी लांबी लिहिलीय, तेही पुढचे पंखे काढले तरच. पंख्यांची २५ मिमी जाडी कोणी धरलेलीच नाही.

कार्ड बसवण्यासाठी मागच्या स्लॉटची पट्टी काढावी लागते. ती स्क्रूची नाही, मागे-पुढे वाकवून तोडायची आहे. एकदा तोडली की परत लावता येत नाही. तुटलेल्या जागी पत्र्याची जी धार राहिली, तिने माझ्या अंगठ्याला खोल चीर गेली. माउस धरायचा तोच अंगठा, आणि ऐन लग्नसराईचे दिवस. इथे घरातली मुलंही हात घालू शकतात, याचा विचार व्हायला हवा होता.

चांगलं आहे ते नाकारत नाही. मागे वायरी लपवायला भरपूर जागा आहे आणि पॉवर सप्लायचा कप्पा वेगळा काढलाय, हे मला आवडलं. त्याच्याखालची धुळीची जाळी मात्र अख्खं कॅबिनेट आडवं केल्याशिवाय निघत नाही. आमच्या भागातल्या धुळीत ती दर पंधरवड्याला झाडावी लागते.

आपल्या कस्टमर केअरला दोनदा फोन केला. पहिल्यांदा ‘परत करायची मुदत संपली’ असं सांगितलं, दुसऱ्यांदा ‘मशीन चालू आहे ना, मग तो दोष धरता येत नाही’ असं. काच काढून वापरण्याचा सल्लाही मिळाला. सध्या बाजूची काच आणि पुढचं पॅनल, दोन्ही कपाटावर ठेवून काम करतोय आणि धूळ थेट मदरबोर्डवर बसतेय.

मला जाळीचं पुढचं पॅनल आणि कूलरवर नीट बसेल असं बाजूचं झाकण द्यावं. ते शक्य नसेल तर कॅबिनेट आपल्या खर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. बॉक्सवरची मापंही दुरुस्त करावीत, म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मला राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते, आणि ती मी मागणार आहे.

आपला,
एक ग्राहक, जळगाव

सोबत : बिलाची प्रत, पट्टी लावून काढलेले फोटो, दोन्ही वेळच्या तापमानाचे स्क्रीनशॉट